दर वेळी नवा बोळा

जमादाराने काशीला पदराची गाठ सोडायला लावली आणि गाठीतून कापसाचे सहा बोळे जमिनीवर पडले. पांढरेशुभ्र, अंगठ्याएवढे. मी तिथून चार हातांवर उभा होतो.

"चोट्टी!" जमादार ओरडला. "रुई चोरून नेऊन राहिली!"

"चोरी नाय जी," काशी म्हणाली. "पोट्ट्याले दूध पाजाले हाय. या डाक्तरसायबानं सांगतलं. इचारा त्यायले."

वखारीचं काम सुटलं होतं. फाटकापाशी झडतीसाठी बायांची लांब रांग लागली होती. त्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जमादारानेही पाहिलं. मी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणालो, "मी एक सर्वसाधारण सूचना दिली होती."

मी आयुष्यात पुष्कळ निरर्थक वाक्यं बोललो आहे, पण इतकं भेकड दुसरं आठवत नाही. 'सर्वसाधारण' म्हणजे काय ते जमादाराला कळलं नाही. मी काशीच्या बाजूने नाही, एवढं मात्र बरोबर कळलं. त्याने बोळे उचलले, काशीला कामावरून काढलं आणि उद्यापासून फाटकाशी दिसू नकोस म्हणून बजावलं. ती झोळीतलं मूल कडेवर घेऊन निघून गेली. जाताना माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मी डिस्पेन्सरीत परत आलो आणि रजिस्टर भरत बसलो.

आता हे बोळे कुठून आले ते सांगायला हवं.

मी तेव्हा अमरावतीच्या सरकारी डिस्पेन्सरीत नेटिव्ह डॉक्टर होतो. नेटिव्ह डॉक्टर म्हणजे साहेब डॉक्टरच्या हाताखालचा देशी डॉक्टर. साहेब अकोल्याला असत, महिन्या-दोन महिन्यांनी इन्स्पेक्शनला येत. एरवी गाव माझ्या हवाली. मी पुण्याकडचा, मुंबईत शिकलेला, वय तिशीच्या आत. पुस्तकात जे नाही ते जगात नाही अशी माझी खात्री होती.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हता असा भाव आलेला. अकोट, हिवरखेडकडून गाड्यांच्या रांगा येत. वखारीत तो कापूस उतरवला की बाया चरखीवर बसत. चरखी म्हणजे दोन लाकडी रुळांचं यंत्र: कापूस त्यातून ओढला की रुई पुढे जाते आणि सरकी मागे राहते. हात दिवसभर फिरता ठेवावा लागतो. तान्ही मुलं मागच्या छपरात झोळ्यांत टांगलेली. मुकादम आयांना दुपारी एकदाच सोडी. मधल्या वेळात मुलांना वरचं दूध पाजायला एक बाई ठेवलेली होती. तिचं नाव सारजा. पन्नाशीची, धिप्पाड. सगळ्या तिला सारजामाय म्हणत. मी 'सारजाबाई' म्हणत असे. ते ऐकून तिला हसू येई.

माघ संपला, ऊन चढलं, तशी छपरातली मुलं आजारी पडू लागली. ढाळ, उलट्या. त्यातली एक मुलगी गेली. पाच महिन्यांची होती. तिचं नाव मी विचारलं नाही. रजिस्टरात 'वखारीतील मूल, स्त्री' एवढंच आहे.

आमच्या शिक्षणात अशा रोगाचं कारण दूषित हवा असे. म्हणून मी पहिल्याच दिवशी छपरात कडुनिंबाचा पाला जाळायचा हुकूम दिला. कापसाच्या वखारीत विस्तव! वखारीचे मालक शेठजी गादीवरून धावत आले ते अनवाणीच. मग तो धूर भिंतीबाहेर करवला. वारा उलटा होता, त्यामुळे तो सगळा धूर डिस्पेन्सरीत शिरला आणि माझे रोगी खोकत बाहेर पडले. नंतर मी छपराशेजारची शेळी हलवली. शेळीचं दूध आटलं. मुलांना काही फरक पडला नाही.

शेवटी एक गोष्ट माझ्या हातून बरोबर झाली. ती बरोबर झाली हेच पुढच्या घोटाळ्याचं मूळ. मी मुलांची बोंडली तपासली. बोंडलं म्हणजे चोच असलेली लहान वाटी. चोच मुलाच्या तोंडात धरून दूध ओतायचं. कापसाच्या त्या दिवसांत घरोघर पितळेची चकचकीत बोंडली आली होती. बाहेरून राखेने घासून आरशासारखी केलेली. मी एका बोंडल्याच्या चोचीत केरसुणीची काडी घातली. आतून आंबलेल्या दुधाचा जो गोळा निघाला, त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. चोचीत बोट जात नाही. जिथे बोट जात नाही तिथलं घासलं जात नाही. मुलं रोज ताज्या दुधाबरोबर तो गोळाही पीत होती.

इथपर्यंत मी शहाणा होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी बायांना एकत्र बसवलं. बोंडलं बंद, असं जाहीर केलं. दूध तापवून, झाकून आणायचं. पाजायचं कापसाच्या बोळ्याने. बोळा दुधात बुडवून मुलाच्या तोंडात पिळायचा आणि फेकून द्यायचा. दर वेळी नवा बोळा!

"नवा बोळा आणाचा कुठून जी?" सारजाने विचारलं.

मला हा प्रश्न इतका भाबडा वाटला की मी हसलो. समोर पुरुषभर उंचीचे रुईचे ढीग होते. मी त्यांच्याकडे हात पसरला. "बाई, तुमच्याभोवती काय आहे? कापसाच्या डोंगरात बसून बोळ्याची वानवा?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणी बोलेना. ती शांतता मी माझ्या बुद्धीचं कौतुक समजलो. संध्याकाळी अकोल्याच्या साहेबांना रिपोर्ट लिहिला. इंग्रजीत. 'दर वेळी नवा' या शब्दांखाली दोन रेघा मारल्या. आठ दिवस मी गावातून जरा ताठ चालत होतो.

आणि मग फाटकावर काशीच्या पदरातून सहा बोळे पडले.

दुसऱ्या दिवशी मी वखारीत गेलो तो छपरात आणखी तीन मुलं आजारी. मला काही कळेना. बोंडली बंद झाली होती; एकही दिसत नव्हतं. मी सारजाला म्हणालो, "दूध तापवत नाहीत वाटतं या?"

"तापवतेत."

"झाकत नाहीत?"

तिने एका तांब्यावरची वाटी काढली आणि तांब्या माझ्या नाकाखाली धरला. दुधावर एक बोळा तरंगत होता. पिवळट, बुळबुळीत. कडेला साय धरलेली.

"हा कधीचा?"

"होळीचा."

होळी होऊन सहा दिवस झाले होते. "काय सांगता! मी नवा घ्यायला सांगितलं होतं ना? दर वेळी नवा?"

सारजाने तांब्या खाली ठेवला. कमरेवर हात घेतले. "डाक्तरसायब, एक इचारू? तुमी अजून बोळ्यानं दूध पेता का जी?"

मागे दोघीतिघी खुदकन हसल्या. माझे कान तापले.

"या ढिगातला एक चिमूट कापूस उचलला तं मुकादम हात पिरगाळते," ती म्हणाली. "फाटकावर जमादार पदर झटकाले लावते, अंबाडा सोडाले लावते. रुईले सोन्याचा भाव हाय बाप्पा! आमी नवा बोळा आणाव कुठून? एक बोळा घरून आणला, तोच धूव धूव वापरून राहिल्या बाया. आन् तो दुधातच ठेवतेत, म्हणजे कोनाच्या डोयात येत नाय."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"काहून सांगाव? आमी इचारलं तं तुमी हासले."

झडती मला माहीत नव्हती असं नाही. रोज संध्याकाळी डिस्पेन्सरीतून घरी जाताना मी ती रांग ओलांडून जात असे. माझ्यासाठी ती वाटेतली अडचण होती. माझा हुकूम आणि ती रांग यांचा काही संबंध असेल, हे पुस्तकात नव्हतं. बोंडल्याच्या चोचीत निदान काडी तरी जात होती. मी तिच्या जागी आंबलेल्या दुधाचा स्पंज दिला आणि वर दोन रेघा मारल्या.

"काशीचं मूल कसं आहे?" मी विचारलं.

"ढाळ लागले त्याले. कालपासून."

काशी गावाबाहेर माळ्यांच्या वस्तीत राहत होती. माहेर-सासर दोन्ही हिवरखेडकडे. नवरा कापसाची गाडी हाकायचा, तो महिन्यातून चार दिवस घरी. मी गेलो तेव्हा ती उंबऱ्यात मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. सात महिन्यांचा किसन. डोळे आत गेलेले, टाळू खाली बसलेली. रडत होता, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. कोरडं रडणं हे या रोगात वाईट लक्षण. अंगातलं पाणी संपत आल्याची ती खूण.

"काहून आले?" ती म्हणाली.

"मुलाला बघायला."

"काल फाटकापाशी बघतलं ना."

मी खडूच्या मिक्श्चरची बाटली पुढे केली. ढाळ थांबवायला आम्ही तेव्हा तेच देत असू. तिने ती घेतली आणि न बघता कोनाड्यात ठेवली. तेवढ्यात सारजा आली. मुकादमाला काय सांगून आली होती कोण जाणे. तिने चूल पेटवली, पाणी खळखळ उकळलं, साळीच्या लाह्या त्यात टाकल्या, फडक्यातून गाळलं, चिमूटभर मीठ घातलं. एक पसरट वाटी राखेने घासून उकळत्या पाण्याने धुतली. मग काशीला म्हणाली, "आंदी हात. कोपरापस्तोर. नखात सरकीची घाण हाय." काशीने हात धुतले. निवलेलं पाणी वाटीने थेंब थेंब पाजलं. मध्ये मध्ये अंगावर घेतलं.

मी उभा होतो. कोणी बस म्हणालं नाही. तरी मी दिवसातून तीनदा जात राहिलो. नाडी बघायची, टाळूला बोट लावायचं, परत यायचं. दुसऱ्या दिवशी किसन इतका निपचित होता की मी परतीच्या वाटेवर एका बाभळीखाली बसून राहिलो. हे पोर गेलं तर रजिस्टरात नाव लिहायचं, एवढाच विचार डोक्यात येत होता. या वेळी मला नाव माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काशीने मूल माझ्या हातात दिलं, कारण तिला चुलीवरचं पाणी उतरवायचं होतं. मी त्याला कसंबसं धरलं आणि त्याने माझ्या कोटावर लघवी केली. भरपूर. अंगात पाणी परत आल्याशिवाय ते होत नाही. परीक्षेचा निकाल लागला तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. मी तसाच ओला उभा राहून हसत होतो. काशीला वाटलं, डॉक्टरचं डोकं फिरलं.

कोनाड्यात माझी बाटली होती तशीच होती. बूचसुद्धा काढलेलं नव्हतं. मूल वाचलं ते लाह्यांच्या पाण्याने आणि आईच्या दुधाने. आणि आईचं दूध त्याला दिवसभर मिळालं, कारण आईला कामावरून काढलं होतं. रजिस्टरात मात्र मी पहिल्याच दिवशी 'खडूचे मिक्श्चर दिले, उतार पडत आहे' असं लिहून ठेवलं होतं. ते मी खोडलं नाही. आज इथे खोडतो.

"चला, संकट टळलं," मी म्हणालो.

"पोट्टं वाचलं," काशी म्हणाली. "माह्या नावाचं काय?"

मला समजलं नाही.

"या गावात कोनी वखारवाला घेत नाय मले. चोट्टी मंतेत. गाडीवाले हिवरखेडले बातमी घेऊन गेले. सासू मनीन, चोरटी सून घरात नोको, तितंच राह्य म्हना. नवरा येईन तवा काय सांगू त्याले? बोळ्याची गोष्ट सांगू?"

मी तडक शेठजींकडे गेलो. ते लोडाला टेकून बसले होते.

"शेठजी, ती काशी चोर नाही. बोळे घ्यायला मीच सांगितलं होतं."

"माझी रुई? माझ्या वखारीतली?"

"हो."

"मला न विचारता?"

"हो."

"पहिल्यांदा विस्तव आणलात, मग शेळी घालवलीत, आता रुई. डॉक्टर, तुम्ही सरकारचे आहात की समोरच्या वखारवाल्याचे?" ते हसले, पण लगेच दौत पुढे सरकवली. "लिहून द्या. तुमच्या हुकमावरून घेतली म्हणून. खाली सही."

कागद साहेबांपर्यंत जाणार हे दिसत होतं. माझ्या नोकरीचं तिसरं वर्षही पुरं झालं नव्हतं. मी लिहिलं. अक्षर फार वाईट आलं. शेठजींनी तिला कामावर घ्यायचं कबूल केलं आणि त्या कागदाची नक्कल घेऊन मी काशीकडे गेलो, छाती थोडी पुढे काढूनच.

तिने कागदाकडे पाहिलं. "हे मले काय वाचता येते? त्या बायायले येते? माह्या सासूले येते?" तिने तो परत दिला. "जितं गप्प राह्यले तितं बोला. मंग मी येते."

म्हणून त्याच संध्याकाळी, काम सुटल्यावर, मी फाटकापाशी एका उलट्या टोपलीवर चढलो. रांग लागली होती. काशी मूल घेऊन बाहेरच्या बाजूला उभी होती. मी भाषण पाठ केलं होतं. "सदरहू स्त्रीने," मी सुरू केलं, "जे कृत्य केले, ते वैद्यकीय सूचनेस अनुसरून..."

"मराठीत बोला जी!" सारजा ओरडली.

हशा झाला. पाठ केलेलं सगळं विसरलो. "बोळे मी सांगितले होते," मी म्हणालो. "काशी चोर नाही. त्या दिवशी मी इथेच होतो. मी भ्यालो आणि गप्प राहिलो. आणि दर वेळी नवा बोळा ही माझी सूचना मूर्खपणाची होती. त्यामुळेही मुलं आजारी पडली."

जमादार डोकं खाजवत होता. त्याला एक शंका होती. "म्हणजे सायब, रुई गेली हे खरं?"

"हो."

"काशी चोर नाय?"

"नाही."

"मंग चोर कोन?"

"मी," मी म्हणालो. दुसरं उत्तर नव्हतं.

"मंग तुमची झडती घ्या लागते," जमादार म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. माणूस कामाला चोख होता.

मी टोपलीवरून उतरलो आणि हात वर केले. त्याने कोटाचा डावा खिसा चाचपला, उजव्यात हात घातला आणि कागदाची पुडी बाहेर काढली. पुडीत एक बोळा होता. पिवळा, वाळलेला. सारजाच्या तांब्यातला तो होळीचा बोळा मी साहेबांच्या रिपोर्टासाठी नमुना म्हणून जपून ठेवला होता आणि साफ विसरलो होतो.

जमादाराने तो सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

पहिली हसली ती काशी. मग रांगेच्या शेवटापर्यंत हसू गेलं. मुकादमही हसला. सारजाने तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हलत होते. मीही हसायचा प्रयत्न केला. "आता या माय," जमादार काशीला म्हणाला, "उद्या सकाळी टायमावर या." ती दुसऱ्या दिवसापासून कामावर आली. हिवरखेडला बातमी पोचायला वेळ लागला नाही; गाडीवानांना चोरट्या बाईपेक्षा चोरट्या डॉक्टरची गोष्ट जास्त आवडली. सासूनेही ती दोनदा सांगायला लावली म्हणे.

त्यानंतर छपरात जी व्यवस्था झाली ती सारजाची. मी फक्त शेठजींशी वाद घातला. वखारीत विस्तव चालत नाही, म्हणून रस्त्यापलीकडे चूल मांडली. बोंडलंही नाही आणि बोळाही नाही. पसरट वाटी, जिच्या तळाला बोट लागतं आणि आतलं सगळं दिसतं. वाट्या राखेने घासायच्या, उकळत्या पाण्याने धुवायच्या, उन्हात पालथ्या घालायच्या. मोठ्या मुलांना कण्यांची पेज, त्या त्या वेळेपुरती शिजवलेली. उरलेली पेज मुलाला पुन्हा द्यायची नाही. ती सारजा स्वतः पीत असे, त्यामुळे पेज रोज थोडी तरी उरतच असे. तान्ह्यांच्या आयांना मुकादमाने दिवसात तीनदा सोडायचं. यावर शेठजी पुष्कळ कुरकुरले. पण आजारी मूल असलेली बाई चरखीवर बसतच नाही, हे मुकादमानेच त्यांना सांगितलं. आणि हात धुतल्याशिवाय कोणत्याही आईला सारजा मुलाजवळ येऊ देत नसे. मलाही नाही. आधीची तीन आजारी मुलंही लाह्यांच्या पाण्यावरच सावरली; त्या उन्हाळ्यात छपरातली आणखी दोन मुलं आजारी पडली, दोन्ही वाचली.

साहेबांना मी दुसरा रिपोर्ट लिहिला, पहिला चुकला म्हणून. उत्तर एका ओळीचं आलं: यापुढे अभिप्राय कमी व औषधे जास्त द्यावीत.

मी उलट केलं. औषधं कमी केली. अभिप्राय मात्र सुटले नाहीत. तो माझ्या स्वभावाचा दोष आहे. फक्त आयांना काही सांगण्याआधी ते मी सारजाला सांगून बघू लागलो. मी बोलायचो, ती कमरेवर हात घेऊन ऐकायची आणि विचारायची, "हे करणार कोन? कवा? पानी कोन आनणार?" पुढच्या दोन हंगामांत तिने माझ्या बारा-पंधरा सूचना ऐकल्या आणि चार पास केल्या. नापास झालेल्यांपैकी दोन मला अजूनही फार चांगल्या वाटतात.